जेल जमत नाही, कारण पाणी: घरच्या स्पिरिट-इंधनाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागरजवळ तुमचं घरगुती राहण्या-जेवणाचं ठिकाण आहे. पावसाळ्यात दरड कोसळली, रस्ता तुटला की सिलिंडर वेळेवर येत नाही. म्हणून तिसऱ्यांच्या शिंपल्या व्हिनेगरमध्ये विरघळवल्या, त्यात औषधाच्या दुकानातलं स्पिरिट ओतलं, आणि चुलीसारखं जाळायचं घट्ट जेल होण्याऐवजी दुधाळ पाणी हाती आलं. ते का बिघडलं हा पहिला प्रश्न. हे जमलं तर गॅसला पर्याय होईल का हा दुसरा. आणि काजूची बोंडं वाडीत कुजून जातात, त्यांच्यापासून घरीच अल्कोहोल काढावं का हा तिसरा.

शेवटच्या दोन्हींचं उत्तर नाही असं आहे, तेव्हा ती आधी उरकतो.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि किलोमागे साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते. शुद्ध इथेनॉल लिटरला २१ मेगाज्यूल देतं. म्हणजे एका सिलिंडरची जागा भरायला तीसेक लिटर चांगलं स्पिरिट लागेल. तुमच्या बाजारातल्या भावाने गुणून बघा, विषय तिथेच संपतो. हे इंधन अडीनडीच्या चार-पाच दिवसांसाठी आहे. निसर्ग वादळाने ३ जून २०२० ला श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीची दाणादाण उडवली, २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं. अशा वेळी लाकूडफाटा ओला, वीज गेलेली आणि गॅसची गाडी घाटापलीकडे. तेव्हा चहा, पेज, बाळाचं दूध, प्यायचं पाणी उकळणं एवढं जरी झालं तरी पुष्कळ. त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नका.

बोंडांचं म्हणाल तर घरी दारू गाळणं हा महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती प्यायला असो की जाळायला. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी गणित जुळत नाही. साध्या भट्टीतून जे येतं त्यात निम्मं किंवा त्याहून जास्त पाणीच असतं. तयार फेणीसुद्धा बेचाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या घरात. अशा पातळ मालाचं शिंपल्यांच्या पद्धतीने जेल होतच नाही. शिवाय उकळत्या अल्कोहोलची वाफ आणि खाली पेटलेली चूल ही जोडी घरात नको. कमी तीव्रतेच्या इथेनॉलवर शेगडी चालवता येते, हे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दाखवलंय, पण ती त्यासाठी मुद्दाम रचलेली शेगडी आहे, पत्र्याचा डबा नव्हे. हल्ली आणखी एक कल्पना कानावर येते: पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, तर पाणी घालून ते वेगळं काढावं. कृपा करा, तसलं काही करू नका. खाली जे पाणी उतरतं त्यात इथेनॉलबरोबर पेट्रोलचे अंश असतात, ते जेवणाखाली जाळायची वस्तू नाही. आणि उघड्या बादलीत पेट्रोल ढवळणारा माणूस जेल होईपर्यंत टिकेल याचीही खात्री नाही.

आता तुमच्या दुधाळ पाण्याकडे येऊ.

शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल तिला खातं, फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि मागे द्रावणात उरतं कॅल्शियम ॲसिटेट. हे मीठ (म्हणजे क्षार, खायचं मीठ नव्हे) पाण्यात चांगलं विरघळतं, अल्कोहोलमध्ये जवळजवळ नाही. त्याच्या दाट द्रावणावर भरपूर अल्कोहोल एकदम ओतलं की मिठाला पाणी पुरत नाही, ते बारीक तंतूंच्या जाळ्याच्या रूपात बाहेर पडतं आणि सगळं अल्कोहोल त्या जाळ्यात अडकून बसतं. दोन-चार सेकंदांत खरवसासारखा गोळा होतो. पाणी जास्त असेल तर मीठ विरघळलेलंच राहतं किंवा नुसताच गाळ खाली बसतो. तुमच्याकडे पाणी दोन्ही बाजूंनी आलं: व्हिनेगरमधून आणि स्पिरिटमधून.

व्हिनेगरचं बघा. दुकानातलं पांढरं व्हिनेगर साधारण चार टक्क्यांचं. लिटरभरात चाळीस ग्रॅम आम्ल, बाकी जवळपास सगळं पाणी. तेवढं आम्ल ३३ ग्रॅम शिंपली विरघळवतं आणि त्यातून ५२-५३ ग्रॅम कॅल्शियम ॲसिटेट तयार होतं. जेलसाठी हवं ते संपृक्त द्रावण, म्हणजे १०० मिली पाण्यात ३५ ग्रॅम मीठ. याचा अर्थ लिटरभर व्हिनेगरचं काम आटवून १५० मिलीपर्यंत आणायला हवं होतं. तुम्ही गाळलं आणि तसंच वापरलं.

स्पिरिटचीही तीच गत. औषधाच्या दुकानात मिळतं ते बहुतेक ७० टक्क्यांचं असतं, कारण जंतू मारायला तेवढंच लागतं. शिवाय ते इथेनॉलच असेल असंही नाही, पुष्कळदा आयसोप्रोपिल असतं. ते जळतं, पण ज्योत पिवळी आणि भांडं काळं. कॅल्शियम ॲसिटेटच्या जेलला इथेनॉल किमान ९० टक्क्यांचं हवं, ९५ असेल तर उत्तम. घरी तपासायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. मोजपात्राने नेमकं १०० मिली घ्या आणि वजन करा. आपल्याकडच्या उकाड्यात ९५ टक्क्यांचं ८०-८१ ग्रॅम भरेल, ७० टक्क्यांचं ८८ च्या आसपास. ८३ च्या वर काटा गेला तर त्या बाटलीचं जेल करायच्या नादी लागू नका. एक मात्र ध्यानात ठेवा: मिथेनॉलचं वजनही जवळपास इथेनॉलएवढंच असतं, त्यामुळे काटा भेसळ ओळखत नाही. मिथेनॉलचे काही घोट माणसाला आंधळं करतात, त्याहून जास्त झाले की मारतात. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली ती यानेच. म्हणून मोकळं, बिनलेबलचं स्पिरिट घेऊ नये, आणि कुठलंही स्पिरिट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. पॉलिशवाले वापरतात ते डिनेचर्ड स्पिरिट या कामाला चालतं. थिनर वेगळा, तो अल्कोहोल नव्हे आणि त्याचा धूर विषारी. डिनेचर्ड स्पिरिट जवळ बाळगण्यावरही त्याच दारूबंदी कायद्याचे निर्बंध आहेत, तेव्हा किती ठेवता येईल हे राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारून घ्या. तुमच्याकडे पाहुणे राहतात, म्हणून तर नक्कीच विचारा.

आता मीठ कसं करायचं ते. तिसऱ्या, मुळे, कालवं, कशाच्याही शिंपल्या चालतात. घासून धुवा, वास जाईपर्यंत उन्हात वाळवा, गोणपाटात गुंडाळून वरवंट्याने कुटा. जितकी बारीक पूड तितकं काम लवकर. नुसते तुकडे टाकलेत तर दोन दिवस फेसच येत राहतो. लिटरभर व्हिनेगरला चाळीस-पन्नास ग्रॅम पूड टाकायची, थोडी जास्तच, म्हणजे आम्ल शिल्लक राहत नाही आणि न विरघळलेली शिंपली फडक्याने गाळून टाकता येते. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. ॲल्युमिनियमच्या टोपाला व्हिनेगर खातं, आणि बिनकल्हईच्या पितळेत कळकून हिरवं पाणी होतं. बरणीचं झाकण घट्ट लावू नका, गॅस साठून फुटेल.

माडाच्या माडीपासून घरी केलेलं व्हिनेगर वापरू का, असं दक्षिणेकडचे लोक हमखास विचारतात. ते सोलकढीला आणि माशाला ठेवा. त्याची तीव्रता दर खेपेला वेगळी, आणि त्यातली उरलीसुरली साखर आटवताना करपून चिकट राब होते.

शिंपल्या कुटण्याचा कंटाळा असेल तर पानाचा चुना हा सोपा मार्ग आहे. तो फेस न आणता लगेच विरघळतो. अडचण एवढीच की तो जास्त झाला तर कळत नाही आणि द्रावण दाहक होतं. यासाठी आपल्या घरात उत्तम कसोटी आहे: हळद. हळदीत चुना पडला की ती लाल होते, कुंकू त्यातूनच करतात. फडक्यावर हळदीचं पाणी लावून वाळवा, त्यावर द्रावणाचा थेंब टाका. पिवळं राहिलं तर ठीक. लाल झालं तर थोडं थोडं व्हिनेगर घालून ते पिवळ्यावर आणा. चुना डोळ्यात उडू देऊ नका, ही गोष्ट पान खाणाऱ्यालाही सांगावी लागते.

मग आटवणं. मंद आचेवर, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. घरभर आंबट वास सुटतो, त्याला इलाज नाही. या मिठाची एक गंमत आहे. बहुतेक पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात, हे उलट: तापवताना वर साय धरते आणि गार झाल्यावर ती परत विरघळते. त्यामुळे गरम असताना झालं असं वाटेल, पण गार करूनच ठरवा. गार झाल्यावरही तळाशी थोडे कण उरले की द्रावण संपृक्त झालं.

मी मात्र द्रावणावर न थांबता पूर्ण वाळवायला सांगेन. शेवटचा ओलावा आचेवर काढू नका, जास्त तापलं तर मिठाचं विघटन होतं आणि ॲसिटोनची वाफ सुटते, ती भडकते. पसरट ताटात घालून मे महिन्याच्या उन्हात ठेवा. आगोटीला आपण मिरच्या, आमसुलं, सुकी मासळी भरून ठेवतो, त्याच दिवसांत हेही होऊन जातं. पांढरी पूड घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा, जून उजाडला की ती हवेतलं पाणी ओढायला बघते.

पूड करून ठेवण्याचं कारण सांगतो. या पद्धतीचं जेल टिकत नाही. काही तासांत कडेने पाणी सोडू लागतं, आणि चार दिवसांनी डब्यात खाली स्पिरिट, वर सुरकुतलेला गोळा. म्हणजे ज्या सांडण्याच्या भीतीने जेल केलं ती भीती जशीच्या तशी परत. म्हणून साठवायची ती पूड, आणि जेल लागेल तेव्हा, लागेल तेवढंच, ज्या डब्यात जाळायचं त्याच थंड डब्यात करायचं. आदल्या तासाला १०० मिली पाण्यात ३५ ग्रॅम पूड भिजवून ठेवा. डब्यात २० मिली द्रावण, त्यावर १५० मिली स्पिरिट एका झटक्यात, डबा एकदा हलकेच फिरवायचा आणि हात काढून घ्यायचा. थेंब थेंब ओतलंत किंवा चमच्याने ढवळत बसलात तर जाळं मोडतं आणि परत दुधाळ पाणी. स्पिरिटच्या बाटलीचं झाकण लावून ती दुसऱ्या खोलीत गेल्याशिवाय काडी ओढायची नाही.

तुमच्याकडे फक्त ७०-८० टक्क्यांचं स्पिरिट असेल, किंवा करोनाच्या काळातल्या सॅनिटायझरचा कॅन पडून असेल, तर शिंपल्यांचा मार्ग सोडा आणि कार्बोपोलचा घ्या. सॅनिटायझर घट्ट करतात ती पांढरी भुकटी ही. शंभर ग्रॅम द्रवाला अर्धा ते एक ग्रॅम पुरते. चाळणीतून भुरभुरवत टाकायची, रात्रभर झाकून फुगू द्यायची, मग ट्रायइथॅनोलअमाईनचे (कार्बोपोलचं आम्ल मारून ते घट्ट करणाऱ्या द्रवाचे) थेंब टाकत हलवायचं की पारदर्शक जेल तयार. त्याऐवजी कॉस्टिक सोडा इथे चालत नाही, अल्कोहोलमध्ये गुठळ्या होतात. किनाऱ्यावरच्यांसाठी खास सूचना: मिसळायला विहिरीचं पाणी घेऊ नका. आपल्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि कार्बोपोलला मिठाचं वावडं आहे, चिमूटभर मिठानेही जेल पाण्यासारखं सुटतं. पागोळीचं गाळलेलं पाणी किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. हे जेल बंद डब्यात महिनोन् महिने टिकतं, पण ७० टक्क्यांचं असेल तर शेवटी डब्यात नुसतं पाणी उरतं आणि ज्योत विझते. सॅनिटायझर आधीच जेल असेल तर काहीच करायला नको, तसंच पेटतं.

जळताना काय दिसतं? निव्वळ इथेनॉलची ज्योत फिकट निळी, दिवसा जवळपास दिसतच नाही. कार्बोपोलच्या जेलचंही तसंच, आणि सगळ्यात मोठा धोका हाच. कॅल्शियमच्या जेलला नारिंगी झाक असते, ती दिसते, हा त्याचा फायदा. तोटा असा की तळाशी पांढरी खरपूड उरते. ती बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटच, शिंपलीचं परत शिंपलीवर आलं म्हणायचं. खरवडून पुढच्या व्हिनेगरमध्ये टाकलीत तरी चालेल.

डबा स्टीलचा, आठेक सेंटिमीटर तोंडाचा, अर्धाच भरलेला. साध्या पत्र्याचा डबा खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात सडतो आणि भोक पडलं की कळत नाही. जेलच्या पातळीपासून भांड्याचा तळ चार-पाच सेंटिमीटर वर हवा. त्याहून खाली आणलात तर ज्योत थंड पडते, अर्धवट जळतं आणि डोळे चुरचुरतात. भोवती तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा करा, खालून हवेला वाट ठेवून. लिटरभर पाणी उकळायला नुसत्या हिशेबाने ११ ग्रॅम इथेनॉल पुरतं, पण भांड्यापर्यंत पोचते ती तिसरा हिस्सा किंवा थोडी जास्त उष्णता. तेव्हा आडोशाला चाळीस ग्रॅम जेल धरा. पडवीत समुद्रावरचा वारा लागत असेल तर दुप्पट धरा आणि तरी चहा कोमटच प्या.

स्वयंपाकात खरी बचत इंधनात नाही, पेंढ्यात आहे. एका मोठ्या टोपलीत किंवा खोक्यात भाताचा पेंढा दाबून भरा, मधे भांड्याएवढी जागा ठेवा. भात-डाळीला सडकून उकळी आली, पाच-दहा मिनिटं झाली, की झाकणासकट भांडं त्यात बसवून वरून गोधडी दाबायची. तासाभराने भात तयार, जेल शिल्लक. उकडा तांदूळ मात्र आधी दोन-तीन तास भिजवल्याशिवाय या वाटेला जाऊ नका, तो शिजायला सुरयपेक्षा, म्हणजे न उकडलेल्या तांदळापेक्षा, फार वेळ घेतो. कुळथाची पिठी, पिठलं, पेज हे जेलवर छान होतं. मासे तळणं नको: लहान शेगडी, वर तेल आणि खाली उघडी ज्योत.

धोक्यांतला एक बाकी सगळ्यांहून मोठा, तो म्हणजे पेटत्या किंवा गरम डब्यात भर घालणं. इथेनॉलची वाफ सोळा-सतरा अंशांनासुद्धा पेट घेते आणि कोकणात तेवढी थंड रात्रही क्वचित. विझलंय असं समजून बाटली कलती केली की न दिसणारी ज्योत ओघळावरून बाटलीत शिरते आणि समोरच्याच्या अंगावर झोत फेकते. म्हणून डबे दोन ठेवा. एक संपला की तो बाजूला सारून गार व्हायला सोडा, दुसरा लावा. विझवायला फुंकर नाही, झाकण. हवेपेक्षा जड वाफ जमिनीलगत पसरते, तेव्हा बाटली आणि देवघरातली समई एका खोलीत नको. जेल अंगावर उडालं तर ते चिकटून जळत राहतं. ओलं गोणपाट दाबा आणि मग भाजलेल्या जागी वीस मिनिटं वाहतं गार पाणी. हळद, टूथपेस्ट, शाई यातलं काहीही लावू नका.

जाता जाता, घरात जुना पंपाचा स्टोव्ह किंवा मेंटलची बत्ती असेल आणि थोडंफार रॉकेल मिळत असेल, तर या जेलचा सगळ्यात चांगला उपयोग तिथे आहे. बर्नर तापवायला वाटीत चमचाभर जेल ठेवलं की ते ओघळत नाही, काजळी धरत नाही, आणि पुढचं काम रॉकेल करतं. लिटरभर स्पिरिट मग कितीतरी दिवस जातं.

पुढचा प्रयत्न मोठ्या बरणीत करू नका. पाच मिली द्रावण आणि चाळीस मिली स्पिरिट, स्टीलच्या वाटीत, अंगणात, वारा पडलेला असताना. घट्ट झालं तर मापं वाढवा. नाही झालं तर आधी स्पिरिटचं वजन करून बघा. ते ८३ च्या आत असेल तर द्रावण आणखी आटवायला हवं.